‘रूथलेसली’ आणि आपली ‘गय’

इंग्रजीत ‘केअरलेस’ आहे, तसं ‘केअर’ही आहे. ‘होपलेस’ आहे, ‘होप’ही आहे. ‘रूथलेस’ मात्र एकटाच. ‘मला तुझ्याबद्दल फार रूथ वाटतो’ असं आज कुणी इंग्रज म्हणणार नाही. शेपटी राहिली आणि गाय हरवली, असा हा प्रकार. तर आजचा आपला शब्द हा: ‘रूथलेस’ आणि त्याचं क्रियाविशेषण ‘रूथलेसली’. मंडळाच्या भाषांतराच्या तासांना हा शब्द आला की दहांतले आठ जण डोळे मिटून ‘क्रूरपणे’ लिहितात. ते नेहमीच चुकतं असं नाही, पण बहुतेक वेळा चुकतं. का, ते पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण आपल्या कॉलेजात तो हमखास निघतो. ‘रूथ’ म्हणजे बायबलमधली रूथ का? जुन्या करारातलं रूथचं पुस्तक आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलंय. मवाबी बाई, नवरा वारलेला, तरी सासूला सोडून जात नाही. परक्या मुलखात, बेथलेहेमात, दुसऱ्याच्या शेतात कापणीनंतर पडलेली कणसं वेचते. (कापणीनंतर उरलेलं वेचण्याला मराठीत ‘सरवा वेचणे’ म्हणतात. हिंदीच्या सहवासात हा शब्द आपण विसरत चाललोय, म्हणून मुद्दाम सांगतो.) अशी माया असलेली बाई, तेव्हा ‘रूथलेस’ म्हणजे जिच्यात रूथ नाही ती, हे इतकं छान जुळतं की खरं वाटावं. पण खरं नाही. रूथ हे हिब्रू नाव आहे. ‘रूथलेस’मधला ‘रूथ’ अस्सल इंग्रजी. ‘रू’ म्हणजे हळहळणं, पश्चात्ताप होणं; त्याला ‘थ’ लागून ‘रूथ’ झाला. ‘ट्रू’चं ‘ट्रूथ’, ‘वॉर्म’चं ‘वॉर्म्थ’, ‘स्लो’चं ‘स्लॉथ’, त्याच घडणीतला. अर्थ: दुसऱ्याचं दुःख पाहून होणारी कालवाकालव. मध्ययुगीन इंग्रजीत हा रोजच्या वापरातला शब्द होता. नंतर तो कवितेपुरता उरला, मग तिथूनही गेला. ‘रूथलेस’ तेवढा टिकला.

आता आपल्या घरात पाहा. मराठी पेपरात ‘निर्घृण खून’ हे दोन शब्द एकमेकांना चिकटूनच येतात. भोपाळात शिकलेल्या मुलाला विचारा, निर्घृणचा अर्थ काय? तो फोड करतो: निर् अधिक घृणा. घृणा म्हणजे हिंदीत द्वेष, मराठीत किळस. मग निर्घृण खून म्हणजे द्वेष न ठेवता केलेला खून? मुलाचं काही चुकलेलं नाही, चुकलाय तो काळ. संस्कृतात ‘घृणा’चा एक अर्थ दया, करुणा असा होता. त्या दयेला ‘निर्’ लागून निर्घृण झाला. पुढे ‘घृणा’ शब्दातली दया सुकून गेली, किळस तेवढी उरली, आणि ‘निर्घृण’मध्ये मात्र जुना अर्थ दगडातल्या शिंपल्यासारखा राहिला. म्हणजे ‘रूथ’चं इंग्रजीत जे झालं, तेच ‘घृणा’चं आपल्याकडे झालं. दोन दूरच्या भाषांनी दयेचा शब्द गमावला आणि दया नसल्याचा शब्द तेवढा जपून ठेवला. योगायोग असेल, पण मला तो थोडा अस्वस्थ करतो.

तिसरं उदाहरण याहून गमतीचं आहे. हिंदी पेपरातली ‘निर्मम हत्या’ तुम्ही रोज वाचता. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना हाच ‘निर्मम’ शब्द येतो, आणि तिथे तो गुण आहे! ‘हे माझं, ते माझं’ ही भावना ज्याची सुटली तो निर्मम. मराठी समीक्षेत अजूनही ‘निर्मम आत्मपरीक्षण’ म्हणतात आणि ते कौतुकानंच म्हणतात. म्हणजे एकच शब्द हमीदिया रोडवरच्या खुनालाही लागतो आणि संतालाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग ‘क्रूरपणे’ कशाला म्हणायचं? त्याला इंग्रजीत तयार जोडीदार आहे: ‘क्रुएली’. ‘क्रूर’ आणि ‘क्रुएल’ हे नुसते कानाला सारखे लागत नाहीत, ते खरोखरीचे चुलतभाऊ आहेत. संस्कृतात ‘क्रव्य’ म्हणजे कच्चं मांस. ते खाणारा तो ‘क्रव्याद’, राक्षसांचं एक नाव. लॅटिनमध्ये ‘क्रुओर’ म्हणजे जखमेतून वाहणारं रक्त, ‘क्रूदुस’ म्हणजे कच्चा, आणि त्यावरून ‘क्रूदेलिस’, जो फ्रेंचमधून इंग्रजीत ‘क्रुएल’ होऊन आला. ‘क्रूड ऑइल’मधला क्रूड याच घरातला, इंग्रजी ‘रॉ’सुद्धा. सगळ्या घराण्याला कच्च्या मांसाचा वास आहे. तेव्हा क्रूर या शब्दात मुळापासूनच रक्त *आहे*, आणि रूथलेस, निर्दय, निर्घृण या शब्दांत काहीतरी *नाही*. पहिला असण्याचा शब्द, बाकीचे नसण्याचे.

भाषांतर करताना हाच फरक धरून ठेवा. तुम्हाला इंग्रजी वाक्य दिलंय, त्यात कुणी कुणाला त्रास देतंय. स्वतःला विचारा, त्रास देणाऱ्याला हवं काय होतं? त्याला दुःखच द्यायचं होतं, निदान ते देताना त्याला बरं वाटत होतं, तर ‘क्रुएली’, क्रूरपणे. त्याला दुसरंच काही हवं होतं, पैसा, सत्ता, जागा, निकाल; दुसऱ्याचं दुःख वाटेत आलं आणि ते त्यानं पाहूनही ओलांडलं, तर ‘रूथलेसली’. आणि ते दुःख त्याच्या मनापर्यंत पोचलंच नाही, तर ‘कॅलसली’. हा तिसरा शब्द लॅटिन ‘कॅलम’वरून, म्हणजे घट्टा. कुदळ मारून तळहाताला पडतो तो. घट्ट्याला टोचलेलं कळत नाही. मराठीत ‘बेफिकीरपणे’, ‘निर्ढावल्यासारखं’ चालेल; ‘मनाला घट्टे पडल्यासारखं’ म्हटलं तर मूळ प्रतिमाही येते.

अर्थात इंग्रजी माणूस बोलताना इतका तोलून बोलत नाही. तिथे सवयीच्या जोड्या असतात. मारहाण ‘मर्सिलेसली’ होते, खून ‘ब्रूटली’ होतो, फसवणूक आणि निराशा ‘क्रुएली’ होते, टाकून देणं ‘हार्टलेसली’ किंवा ‘कॅलसली’, आणि दडपणं, पिळून काढणं, छाटणं, कापणं हे ‘रूथलेसली’. मराठीच्या जोड्या वेगळ्या. मार ‘बेदम’ किंवा ‘अमानुष’, खून ‘निर्घृण’, छळ ‘अनन्वित’, पिळवणूक ‘निर्दय’, आणि नकार ‘निष्ठुर’. अनन्वित छळ हा काय सुंदर, आणि किती भयंकर, शब्दप्रयोग आहे! पण ‘अनन्वित खून’ म्हणून पाहा, कुणी म्हणणार नाही. शब्दकोश इथे फार मदत करत नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा, त्यानंतर कितीतरी आले, आणि सगळ्यांत एका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांग असते. रांगेतला कोण कुणाच्या शेजारी बसतो ते वाचून, ऐकूनच कळतं. आपल्यासारख्या, आईवडिलांशी मराठी आणि बाकी जगाशी हिंदी बोलणाऱ्यांना ते ऐकायला कमी मिळतं. म्हणून ‘बेरहमीनं मारलं’ असं तोंडात येतं. चुकीचं नाही, भोपाळी आहे. पण कागदावर ‘बेदम’ लिहावं.

आता व्याकरण, थोडक्यातच. मराठीत विशेषणाला ‘पणे’ लावून क्रियाविशेषण होतं: निर्दयपणे, निष्ठुरपणे. नामाला ‘ने’ लागतो: क्रूरतेने. ‘निर्दयतापूर्वक’ हे रूप हिंदीच्या वळणाचं. मराठीत ते सरकारी पत्रासारखं वाजतं. एवढं पाठ केलं की परीक्षेपुरतं झालं. पण खरी गोष्ट अशी की बोलताना मराठी माणूस या ‘पणे’च्या वाटेला फारसा जातच नाही. आजीला ‘रूथलेसली’ म्हणायचं असेल तर ती म्हणते: ‘जराही दयामाया न दाखवता’, ‘मागचापुढचा विचार न करता’, ‘गुरासारखं बडवलं’, ‘कसायासारखा वागला’. जिथे इंग्रजी एक शब्द ठेवते, तिथे मराठी एक छोटं वाक्य ठेवते. भाषांतरात ते छोटं वाक्य घ्यायला घाबरू नका. शब्दाला शब्द मोजणाऱ्या परीक्षकाला ते खटकेल, वाचणाऱ्याला नाही.

आणि या छोट्या वाक्यांत माझ्या मते सगळ्यात चपखल आहे ते ‘गय न करता’. गय करणं म्हणजे सोडून देणं, सवलत देणं, दया दाखवणं. ‘दोषींची गय केली जाणार नाही’ हे वाक्य तर मंत्र्यांचं पाठच असतं. ‘रूथलेसली’ म्हणजे गय न करता. क्रूरतेचा वास नाही, रक्त नाही, नुसतं सोडणं नाही. तेवढंच आणि तेच.

‘रूथलेसली’चं दुसरं, कौतुकाचं तोंडही ‘गय न करता’मध्ये मावतं. संपादकानं लेख ‘रूथलेसली’ कापला. खेळाडूनं समोरच्याची चूक ‘रूथलेसली’ वापरून घेतली. आपल्यातले जे बी.बी.ए. करताहेत त्यांना तर हा शब्द वर्गात शाबासकी म्हणूनच भेटतो: कामांचा अग्रक्रम रूथलेसली लावा, खर्च रूथलेसली कमी करा. इथे ‘क्रूरपणे’ लिहिलं तर हसू येईल. ‘क्रूरपणे खर्च कमी केला’ म्हणजे काय, पैशांना चिमटे काढले? इथे मराठीत ‘भीडमुर्वत न ठेवता’ म्हणावं, ‘कठोरपणे’ म्हणावं, लेखाच्या बाबतीत ‘निर्ममपणे कात्री चालवली’ म्हणावं. ‘मुर्वत’ हा फारसीतून आलेला आपला जुना शब्द, भोपाळच्या उर्दूत ‘मुरव्वत’. दोन्हीकडून तो तुमचा आहे, वापरा.

पण याच तोंडाशी मला जरा थांबायचंय, कारण आपण भोपाळात बसून हा शब्द शिकतोय. ‘खर्च रूथलेसली कमी करा’ हे वाक्य या शहरात इतकं निरागस नाही.

छोला रोडजवळ, काळी परेडच्या मैदानाला लागून, युनियन कार्बाइडचा कारखाना होता. त्याची गंजलेली हाडं अजून आहेत. तिथे बनणाऱ्या कीटकनाशकाला अपेक्षेइतकी मागणी नव्हती, कारखाना तोट्यात होता, खर्च कमी करणं चालू होतं. मिथाइल आयसोसायनेट हा तिथला सगळ्यात घातक माल. तो शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचा असतो. त्याची शीतकरण यंत्रणा जून १९८४ मध्ये बंद करण्यात आली. निसटलेला वायू जाळण्याचा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा तयार स्थितीत नव्हती. २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि ३ डिसेंबर उजाडेपर्यंत सुमारे ४० टन वायू जे.पी. नगरपासून स्टेशनपर्यंत झोपलेल्या वस्तीवर पसरला. सरकारनं पुढे मान्य केलेला मृतांचा एक आकडा ३,७८७ आहे. वाचलेल्यांच्या संघटना त्याच्या कित्येक पट सांगतात. पाणी कसं शिरलं याबद्दल कंपनीचं म्हणणं कायम ‘घातपात’ हेच राहिलं. ते घटकाभर मान्य केलं तरी शीतकरण बंद होतं हे बदलत नाही.

आणि कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूनं एका कामगाराचा जीव गेला होता. मे १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीच्याच पथकानं येऊन धोके लिहून दिले होते. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात हे शहर वाचवा म्हणून लिहीत होते, १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तही त्यांनी लिहिलं.

आता आपली कसोटी लावा. इथे कुठलं क्रियाविशेषण बसतं? ‘क्रुएली’ नाही. भोपाळच्या लोकांना मारावं अशी कुणाची इच्छा नव्हती. तसं लिहिणारा रागात लिहितोय, आणि राग खरा असला तरी शब्द चुकतो. ‘रूथलेसली’? खर्च कापण्यापुरता बसतो: ध्येय होतं, वाटेतला धोका लिहून दिलेला होता, तो ओलांडला. ‘कॅलसली’? इशारे येऊन ज्या मनावर ओरखडा उठला नाही, त्याला तो बसतो. माझ्यापुरतं मी ‘रूथलेसली’ हिशोबाला आणि ‘कॅलसली’ माणसांना लावीन. तुमचं मत वेगळं असू शकतं, त्यावर वाद व्हायला हवा.

हा वाद नुसता वर्गातला नाही. न्यायालयातही तो झाला, तिथल्या शब्दांत. सुरुवातीला आरोप होते ते भारतीय दंड संहितेच्या ३०४ कलमाच्या दुसऱ्या भागाखाली: मृत्यू होण्याचा संभव आहे हे *माहीत असताना* केलेलं कृत्य. त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. १३ सप्टेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं, समोर असलेल्या पुराव्यातून असं ‘माहीत असणं’ दिसत नाही म्हणून, आरोप ३०४-अ वर आणला: बेदरकारपणे किंवा हयगयीने मृत्यूस कारण होणं. त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं. ७ जून २०१० ला भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी सात जणांना तीच दोन वर्षं दिली आणि लगेच जामीनही झाला. दहा वर्षं आणि दोन वर्षं यांच्यामध्ये एक क्रियाविशेषण उभं होतं. ‘जाणूनबुजून’ की ‘हयगयीने’, एवढाच प्रश्न. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हयगयीनं झालेल्या मृत्यूची शिक्षा, १०६ व्या कलमाखाली, पाच वर्षांपर्यंत वाढली आहे.)

‘हयगय’ म्हणजे काय? कामात केलेली टाळाटाळ, दुर्लक्ष. हिंदी कायद्यात त्याला ‘उपेक्षा’ म्हटलंय, तो मला पातळ वाटतो. ‘हयगय’ घरातला शब्द आहे. औषधाच्या वेळा पाळण्यात हयगय करू नकोस, असं आई म्हणते. आणि कानाला तो ‘गय’च्या किती जवळ आहे पाहा. गय न करणं म्हणजे ‘रूथलेसली’. हयगय करणं म्हणजे ‘नेग्लिजंटली’. खर्चाची गय केली नाही आणि सुरक्षेची हयगय केली, हे एका वाक्यात मराठीतच म्हणता येतं. इंग्रजीत दोन टोकांचे दोन शब्द लागतील आणि त्यांचा आवाज जुळणार नाही.

पुढच्या तासासाठी काही वाक्यं देतो. मूळ इंग्रजी शब्द सांगतोय, मराठी तुम्ही करायचं, आणि ‘क्रूरपणे’ एकापेक्षा जास्त वेळा वापरायला मनाई आहे. प्रशिक्षकानं संघातून तीन जुने खेळाडू ‘रूथलेसली’ वगळले. सावत्र आईनं तिला ‘क्रुएली’ वागवलं. जखमी माणसाला रस्त्यावर सोडून गाडीवाला ‘कॅलसली’ निघून गेला. चोर समजून जमावानं त्याला ‘मर्सिलेसली’ मारलं. १८५७ चा उठाव इंग्रजांनी ‘रूथलेसली’ मोडून काढला. तिनं स्वतःची कविता ‘रूथलेसली’ पुन्हा पुन्हा लिहिली. शेवटच्या दोन वाक्यांत इंग्रजी शब्द एकच आहे. मराठीत तो एकच ठेवून दाखवणाऱ्याचं भाषांतर पुढच्या अंकात छापू.